एका ब्रेकनं भागत नाही

माझ्या पहिल्या सायकलला ब्रेक नव्हता. म्हणजे विकणाऱ्यानं 'आहे' म्हणून सांगितलं होतं आणि वडिलांनी 'दिसतोय' म्हणून मान्य केलं होतं. पण तो लागत नसे. त्यामुळे गुलमंडीवरून निघून पानचक्कीकडच्या उताराला लागलो, की मागं कॅरिअरवर बसलेल्या धाकट्या भावाला मी ओरडून सांगायचो, "बाळू, ब्रेक!" की बाळू दोन्ही पाय जमिनीला टेकवून धुरळा उडवीत सायकल थांबवायचा. वर्षाला त्याला चपलांचे तीन जोड लागत. "पोरगं अभ्यास सोडून गावभर चालत असतं," असं वडिलांचं मत होतं आणि ते मत बाळूच्या पाठीवर अधूनमधून उमटतही असे. पण त्यानं कधी माझं नाव घेतलं नाही.

पुढं या ब्रेक शब्दाचे अर्थ वाढत गेले. कुणाला सिनेमात ब्रेक मिळाला, कुणाला क्रिकेटात. मग दूरदर्शनच्या पडद्यावरून 'छोटासा ब्रेक' आला, ज्यात आमची ही कुकर लावून, भाजी चिरून, शेजारणीशी बोलून परत येत असे. एवढ्यावर हा शब्द संपला असावा, असं मी धरून चाललो होतो. पण वयाच्या बहात्तराव्या वर्षी मला त्याचा आणखी एक अर्थ शिकावा लागला आणि तोही नातीकडून.

आमची धाकटी नात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रात्री जेवणं झाली, की जेवणाच्याच टेबलावर ती लॅपटॉप उघडते आणि तोंडानं "आय, जे, के... आय, जे, के..." असं पुटपुटत बसते. पहिले काही दिवस हिला तो कसला तरी जप वाटला आणि पोरीला उशिरा का होईना देव आठवला, म्हणून तिनं साखरही वाटली. एका रात्री मात्र पोरीनं टेबलावर मूठ आपटली आणि ओरडली, "अरे, ब्रेक मारला तरी थांबत का नाही हा!" मी स्कूटी घसरली असं समजून धावत अंगणात गेलो. स्कूटी शांतपणे स्टँडवर उभी होती. थांबत नव्हता तो तिचा प्रोग्राम.

"आजोबा, लूप म्हणजे फेरी," तिनं मला समजावलं. "तेच तेच काम पुन्हा पुन्हा करायचं."

"मी चौतीस वर्षं नोकरी केली आहे. पुढं सांग."

"नेस्टेड लूप म्हणजे फेरीच्या पोटात फेरी."

"म्हणजे खातेनिहाय चौकशी. पुढं?"

पुढचं मात्र माझ्या डोक्यावरून गेलं. मग आम्ही दोघांनी मिळून एक उदाहरण शोधलं. आमच्या लहानपणी शाळेत संध्याकाळी पाढे होत. बे ते तीस. म्हणजे बाहेरची फेरी एकोणतीस पाढ्यांची आणि प्रत्येक पाढ्याच्या पोटात एक ते दहाची आतली फेरी. एकूण २९० ओळी. ह्या ओळी संपल्या, की घंटा. आता मधेच कधी मास्तरांना तपकीर ओढायची हुक्की येई आणि ते म्हणत, "पुरे!" वर्गापुढं यक्षप्रश्न उभा राही. पुरे म्हणजे काय पुरे? हा सतराचा पाढा पुरे, की आजचे पाढेच पुरे? अनुभवी मुलं सतराचा सोडून अठराचा धरीत. एकदा एका नव्या मुलानं सरळ दप्तर उचललं आणि घर गाठलं. दुसऱ्या दिवशी त्याला 'पुरे' या शब्दाची व्याप्ती छडीनं समजावून देण्यात आली.

"अगदी बरोबर!" नात टाळी वाजवून म्हणाली. "ब्रेक म्हणजे तुमच्या मास्तरांचं पुरे. तो फक्त आतल्या फेरीतून बाहेर काढतो. बाहेरची फेरी चालूच राहते. मला हवी ती संख्या तिसऱ्या ओळीत सापडली, मी ब्रेक मारला, तर हा शहाणा चौथ्या ओळीत जाऊन पुन्हा शोधायला लागतो."

मला त्या यंत्राबद्दल एकदम आपुलकी वाटली. चष्मा सापडल्यावरही, तो कपाळावर चढवून, पुढची तीन कपाटं बघून टाकणाऱ्यांपैकी मी आहे.

शिवाय आमच्या शहराला या प्रकाराचं नवल वाटायचं कारण नाही. देवगिरीचा किल्ला इथून हाकेच्या अंतरावर. बाहेर अंबरकोट, त्याच्या आत महाकोट, त्याच्या आत काळाकोट. एका तटातून सुटलेला माणूस दुसऱ्या तटाच्या आतच असतो. तो किल्ला ज्यानं बांधला त्याला लूप कुणी शिकवले, हे नातीलाही सांगता आलं नाही. दुसरीकडं आमचं शहर बावन्न दरवाज्यांचं म्हणून ओळखलं जातं. जिथं बावन्न दरवाजे, तिथल्या मुलीला बाहेर पडायला एक दरवाजा मिळू नये, याचं मला वाईट वाटलं.

"मग बाहेर पडायचं कसं?" मी विचारलं. आता मलाच झोप येईना.

तेव्हा कळलं, की साऱ्या जगातले शहाणे लोक या एका प्रश्नापायी वर्षानुवर्षं एकमेकांशी भांडत आले आहेत. पूर्वी 'गोटू' नावाची एक आज्ञा होती. कुठूनही उठायचं आणि कुठंही जाऊन बसायचं. आपल्याकडं राजकारणात चालतं तसं. पण मार्च १९६८मध्ये एड्स्गर डायक्स्ट्रा नावाच्या डच गृहस्थांनी एका संगणक-मासिकाला पत्र लिहिलं, की ही गोटू घातक आहे. हिच्यामुळे प्रोग्राम कुठून निघाला आणि कुठं पोचला याचा माग राहत नाही. तेव्हापासून सभ्य घरात गोटूचं नाव काढत नाहीत. 'सी' भाषेत ती अजून आहे, आणि फेऱ्यांच्या ढिगाऱ्यातून एकदम बाहेर पडायला तिथं काही जाणती माणसं तिचा उपयोगही करतात. पण चारचौघांत सांगत नाहीत.

दुसरा उपाय झेंड्याचा. आत काम झालं, की एक झेंडा वर करायचा आणि बाहेरच्या प्रत्येक फेरीनं पुढचं पाऊल टाकण्यापूर्वी झेंडा वर आहे का ते बघायचं. हा उपाय आमच्या घरात रूढ आहे. ही रागावली, की स्वयंपाकघरातला कपबशांचा आवाज हा झेंडा. तो ऐकून बाहेरच्या खोलीतल्या सगळ्या फेऱ्या आपोआप थांबतात.

'पीएचपी' नावाची भाषा आणखी रोखठोक. तिथं 'ब्रेक २' असं म्हटलं, की दोन फेऱ्यांतून एकदम बाहेर. हे मला आवडलं. आमच्या मास्तरांनी 'पुरे दोन' म्हटलं असतं, तर त्या मुलाची पाठ वाचली असती. पण नात म्हणाली, की उद्या मधे आणखी एक फेरी घातली, की आकडा चुकतो आणि माणूस भलत्याच अंगणात येऊन पडतो.

ब्रेक भलत्या जागी पडला तर काय होतं याचीही एक गोष्ट तिनं सांगितली. १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेतल्या एटी अँड टी कंपनीची लांब पल्ल्याची दूरध्वनी सेवा सुमारे नऊ तास कोलमडली होती. शोध घेतल्यावर सापडलं काय, तर 'सी' भाषेतल्या प्रोग्रामात एक ब्रेक नको त्या ठिकाणी होता. ज्या काळी आम्ही नांदेडला ट्रंककॉल लावून अर्धा दिवस बसत होतो, त्या काळी अमेरिकेतही फोन लागत नव्हता, हे ऐकून मला मनापासून बरं वाटलं.

"आणि 'जावा'त," नात म्हणाली, "बाहेरच्या फेरीला नाव द्यायचं. मग आत कितीही खोल असा, त्या नावानं ब्रेक म्हणायचं, की त्या नावाच्या फेरीतून थेट बाहेर. मात्र नाव चुकलं, तर प्रोग्राम चालतच नाही."

"आणि तुझं ते कुठलं? पायथन?"

"पायथनमध्ये नाही. २००७ साली कुणीतरी मागणी केली होती, नावं देऊ द्या म्हणून. पायथनचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनी नाकारली. इतका गुंता क्वचितच लागतो आणि लोक सोयीचा गैरवापर जास्त करतील, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या मते गुंता झालाच तर तो उचलून एका वेगळ्या फंक्शनमध्ये ठेवावा आणि उत्तर मिळालं, की उत्तर घेऊन सरळ परत यावं."

हे रॉसमसाहेब कुठल्या तरी जन्मी आमच्या कचेरीत वरिष्ठ लिपिक असले पाहिजेत. 'मागणी रास्त आहे, पण लोक सोयीचा गैरवापर करतील', हा शेरा मी स्वतः कितीतरी अर्जांवर मारला आहे.

इथवर सगळं गमतीचं होतं. पुढच्याच महिन्यात थोरल्या नातीचं लग्न निघालं आणि पत्रिका वाटण्याचं काम माझ्याकडं आलं. पहिली पत्रिका राजाबाजारच्या संस्थान गणपतीपुढं ठेवली. बाकीच्या धाकट्या नातीच्या स्कूटीवरून वाटायच्या ठरल्या. मोबाइलवर पाठवून मोकळं व्हावं, असं मी सुचवून पाहिलं, पण "मोबाइलवर अक्षत कशी लावणार?" या हिच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

जुन्या शहरात अडचण आली नाही. अडचण आली ती सिडकोत. १९७०च्या दशकापासून ही वसाहत उभी राहत गेली, ती एखाद्या गणिताच्या मास्तरांच्या देखरेखीखाली उभी राहिली असावी. शहराचं नाव २०२३ मध्ये बदलून छत्रपती संभाजीनगर झालं, पण सिडकोतला एन-५ हा एन-५च राहिला. एन-१ पासून पुढं एनचे आकडे, ही बाहेरची फेरी. एनच्या पोटात एखादं इंग्रजी अक्षर. अक्षराच्या पोटात रांगेचा आकडा, मग आडवी रेघ, मग घराचा आकडा. नात आनंदानं किंचाळली, "आजोबा, चार नेस्टेड लूप!" मी मागच्या सीटवर पिशवी घट्ट धरून बसलो होतो. मला त्या चार फेऱ्या मणक्यात जाणवत होत्या.

कॅनॉट झालं, बजरंग चौक झाला, टी. व्ही. सेंटर झालं. पिशवी निम्मी रिकामी झाली. मग नातीनं पुढची पत्रिका काढून नाव वाचलं आणि माझ्याकडं वळून बघितलं. पत्रिका बाळूची होती. ती पिशवीत कुणी घातली हे विचारण्यात अर्थ नव्हता. कपबशांचा आवाज आदल्या रात्रीच झाला होता.

बाळूचं आणि माझं नऊ वर्षांत धड बोलणं नव्हतं. मधूनमधून मिटायचं. मावशी मधे पडायची, "चला, झालं गेलं विसरा," म्हणायची. एका दिवाळीला तो आला, तर मी त्याच्याकडं भाऊबिजेला गेलो नाही. मग मी का आलो नाही यावर वर्षभर. मग त्याच्या मुलाच्या मुंजीला मला बोलावणं फोनवर आलं, घरी येऊन नाही, म्हणून वर्षभर. दर खेपेला त्या वर्षापुरतं भांडण थांबे आणि पुढच्या वर्षी नव्यानं पहिल्यापासून सुरू होई. मधल्या काळात तो सिडकोत राहायला गेला. घर मी पाहिलंच नव्हतं.

"एन-९, एम-२," नातीनं वाचलं आणि स्कूटी वळवली.

एम-२ मध्ये आम्ही तीन रांगा पालथ्या घातल्या. ओट्यावर बसलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, "कुणीकडं जायचंय?" आम्ही आकडा सांगितला. ते म्हणाले, "हे काय, हीच की एम-दोन. पण तुमचा नंबर मागल्या रांगेत यील बघा." मागल्या रांगेत एका बाईंनी पुढल्या रांगेत पाठवलं. चौथ्या रांगेत, तुळशीच्या कुंडीमागं, दारावर आमच्या आडनावाची पाटी दिसली. अक्षर वडिलांच्या वळणाचं. बाळूनं ती स्वतः रंगवली असणार.

"सापडलं!" नात म्हणाली.

"बरं," मी म्हणालो. "आता पुढची रांग बघू."

नातीनं स्कूटी बंद केली. "आजोबा, सापडलंय."

"हो हो. पण पुढच्या रांगेतही असू शकेल. आडनाव काय, कुणाचंही असतं."

ती गाडीवरून उतरली, हेल्मेट काढलं आणि तिच्या प्रोग्रामकडं बघते तशी माझ्याकडं बघत राहिली. "आजोबा, हा तोच बग आहे. आतला ब्रेक लागला, बाहेरची फेरी चालू आहे." मग जरा खालच्या आवाजात म्हणाली, "बाहेरच्या फेरीचं नाव काय हो?"

आता हे पोरीला कसं सांगायचं? नाव मला पाठ होतं. नऊ वर्षांपूर्वी आई अकरा दिवस इस्पितळात होती. आम्ही दोघं आळीपाळीनं रात्री जागलो. ती गेली. तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी मी, चौतीस वर्षं हिशेब तपासलेला माणूस, दोघांच्या निम्म्या-निम्म्या खर्चाचा तक्ता आखून बाळूच्या हातात दिला. औषधं, खोली, तपासण्या. सगळं बरोबर होतं. आणि त्यात एक ओळ होती : रिक्षा, जाता-येता, ८० रुपये. बाळूनं तक्ता वाचला, संध्याकाळी निम्मी रक्कम पैशासकट पाकिटात आणून दिली आणि चहा न घेता गेला. त्याच्यानंतरच्या दिवाळ्या, मुंजी, भाऊबीज ह्या सगळ्या आतल्या फेऱ्या. त्या मी प्रत्येकाला सांगत आलो. बाहेरच्या फेरीचं नाव मी आजवर हिच्यापाशीदेखील काढलं नव्हतं.

दार भावजयीनं उघडलं. "अगबाई, दादा!" एवढंच म्हणून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आत बघितलं. बाळू पेपर वाचत होता. केस पार पांढरे झालेले. त्यानं पेपर खाली ठेवला, पण घडी घातली नाही. म्हणजे पुन्हा उचलायची तयारी होती.

मी पत्रिका दिली, अक्षत दिली. "यायचं बरं का सगळ्यांनी." त्यानं "बघू" म्हटलं. हे 'बघू' मला माहीत होतं. त्यात लग्नाला येणं होतं, पहिल्या पंगतीत जेवून जाणं होतं आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरू होणं होतं. नात दारात उभी राहून माझ्याकडं बघत होती.

मी खुर्चीच्या काठावर बसलो आणि म्हणालो, "बाळू, ते रिक्षाचे ऐंशी रुपये मी लिहायला नको होते."

खोलीत पंखा तेवढा फिरत होता. बाळूनं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"रिक्षाचं मला काही नव्हतं, दादा," तो म्हणाला. "रिक्षाचे लागतातच. त्याच्या खालची ओळ."

"खालची कुठली?"

"चहा, दोन कप, २० रुपये. आईच्या शेवटच्या रात्री इस्पितळाच्या फाटकाशी आपण घेतला होता. मला वाटलं होतं, तू मला पाजलास."

नाव चुकलं, तर प्रोग्राम चालत नाही, असं पोरगी म्हणाली होती ते खोटं नव्हतं. नऊ वर्षं मी भलतंच नाव धरून बसलो होतो. ती ओळ तक्त्यात होती हेसुद्धा मला आठवत नव्हतं. आठवला तो चहा. पहाटेचे चार, फाटकाबाहेरची गाडी, दोघांच्या हातात दोन कप आणि एकमेकांकडं न बघता आम्ही उभे.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "चहाचं चुकलं."

बाळू काही बोलला नाही. आत वळून त्यानं एवढंच सांगितलं, "अगं, चहा टाक." आणि पेपरची घडी घातली.

चहा आला. पहिला घोट घेतल्यावर तो म्हणाला, "हा लिहून ठेवू नकोस." भावजय हसली, नात हसली. मी कप तोंडाला लावून बसलो, कारण त्या वेळी मला कप तोंडासमोर असण्याची गरज होती.

"अजून किती राहिल्या?" त्यानं पिशवीकडं बोट दाखवलं.

"एन-९ मधल्याच अकरा."

"तुम्हाला जन्मात सापडणार नाहीत. चल, मी दाखवतो."

नातीला काकूआजीनं लाडवाच्या डब्यापाशी बसवून घेतलं. स्कूटी माझ्या हाती आली, मागं बाळू, मांडीवर पिशवी. दोघांचं वय मिळून एकशे चाळीस. दोन रांगा गेल्या, एक वळण झालं आणि बाळू मागून ओरडला, "अरे, गेलं की घर मागं!" स्कूटीला उत्तम ब्रेक आहेत. दोन्ही हाताशी आहेत. पण माझ्या तोंडून गेलं, "बाळू, ब्रेक!"

आणि त्या अडुसष्ट वर्षांच्या गृहस्थानं दोन्ही पाय खाली टेकले.

चपलेचा अंगठा तुटला. नवा जोड मी घेऊन द्यावा, असं त्याचं म्हणणं आहे. मी घेऊन देणार आहे. कुठं लिहिणार नाही.